मशीनमध्ये न टिकलेली बारा माणसं

सव्विसाव्या माणसानं चौथ्याच मिनिटाला फुगा दाबला.

मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो रबरी फुगा दिलेला असायचा. मेंदूचा एमआरआय काढताना माणसाला अरुंद नळीत उताणं सरकवतात, डोक्याभोवती पिंजरा बसवतात, आणि मग चाळीस मिनिटं बाहेरून कुणीतरी पत्र्यावर हातोडे घालतंय असा आवाज चालू राहतो. नाहीच सहन झालं तर फुगा दाबायचा, की काचेपलीकडच्या खोलीत घंटी वाजते.

घंटी वाजताच टेक्निशियनबाईंनी मशीन थांबवलं आणि आत जाऊन टेबल बाहेर घेतलं. "झालं, झालं. डोळे उघडा आणि छताकडे बघा. छत किती उंच आहे बघा," त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेल्या या बाईंनी असे शेकडो लोक बाहेर काढले होते.

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, हाताला ग्रीसचा कायमचा काळपटपणा. दोन वर्षांपूर्वी काम चालू असताना वरची केबिन सरकली होती आणि तो केबिन आणि भिंत यांच्या फटीत पाच तास अडकून पडला होता. हाड एकही मोडलं नव्हतं. त्यामुळेच सगळे त्याला नशीबवान म्हणायचे, आणि त्याला ते ऐकवत नव्हतं.

"सॉरी मॅडम," कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमचं काम बिघडलं."

"काही बिघडलं नाही. आधी पाणी घ्या."

"परत एकदा बघू का?"

परत एकदा बघितलं. या खेपेला दीड मिनिटात घंटी वाजली. तो मान खाली घालून बूट घालत राहिला, आणि काचेपलीकडे बसलेल्या संशोधिकेनं फॉर्मवर ठरलेले तीन शब्द लिहिले: स्कॅन अपूर्ण, वगळले.

तिला डॉक्टरेट मिळून सहा वर्षं झाली होती आणि ही तिची तिसरी पोस्टडॉक. पोस्टडॉक म्हणजे काय, हे तिनं आईला किती वेळा समजावलं होतं. "म्हणजे शिक्षण संपलंय पण नोकरी लागलेली नाही, असंच ना?" आई विचारायची, आणि याहून नेमकी व्याख्या तिलाही आजवर सुचली नव्हती.

काम मात्र तिचं मनापासूनचं होतं. जबर धक्का बसलेल्या माणसाची आठवण आठवणीसारखी वागत नाही. ती जुनी होत नाही, दर वेळी ताजीच उगवते. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आठवण नीट उघडली की थोडा वेळ ती ओल्या सिमेंटसारखी असते. त्या वेळात शरीराची घाबरगुंडी औषधानं शांत ठेवली, तर ती परत घट्ट होताना तिची धार कमी होते. तिच्या प्रयोगशाळेत हेच तपासायचं होतं. आधी स्कॅन, मग साधी गोळी घेऊन डॉक्टरांसमोर घटना सांगण्याच्या सहा बैठका, मग पुन्हा स्कॅन. उपचार कुणाला लागू पडेल हे मेंदूचं चित्र बघून आधीच ओळखता आलं तर मोठी गोष्ट होती. ज्यांचा पहिला स्कॅन झाला नाही ते अभ्यासाच्या बाहेर, आणि त्यांना बैठकाही नाहीत. नियम साधा होता आणि पहिल्या वर्षी तिला त्यात काही खटकलंही नव्हतं.

खटकायला लागलं ते दादामुळे.

दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा, अग्निशमन दलात. गोदामाच्या एका आगीत तो बाहेर आला आणि त्याचा जोडीदार आला नाही. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. दलानं त्याला आधी रजा दिली आणि मग कार्यालयात बसवलं. घरी तो एकही दार बंद करू देत नसे. आंघोळीला गेला तरी दाराच्या फटीत स्टूल ठेवलेलं, आणि वहिनी बाहेर पाठ करून भाजी निवडत बसलेली, पाहुणे आले तर आडोसा हवा म्हणून. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "मला काय वेड लागलंय?"

आणि एका रविवारी, ती जेवून हात धूत असताना, त्यानंच विषय काढला.

"चिमे, तुझ्या त्या मशीनमध्ये मला घाल की."

तिच्या हातातला साबण सुटला. "दादा, नात्यातल्या माणसाला घेता येत नाही. तसा नियम आहे."

"नाव बदलून घे."

"अरे, असं नाही चालत."

"बरं," तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

वहिनीनं भांडी आवरता आवरता ऐकवलंच. "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. गावभरच्या लोकांना बोलावून बोलावून बरं करतेस, आणि घरच्यानं स्वतःहून तोंड उघडलं तर नियम." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा मागितलं गं त्यानं काही."

"मी क्लिनिकमध्ये त्याचं नाव घालते. तिथले डॉक्टर हेच उपचार करतात, स्कॅनशिवाय."

"कधी?"

तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. क्लिनिकच्या खिडकीवरच्या बाईनं यादी खालपर्यंत सरकवली आणि साडेचार महिन्यांनंतरची तारीख दिली. वहिनीला फोनवर ती तारीख सांगताना तिला आपल्याच आवाजाची लाज वाटली.

साडेचार महिन्यांतले दोन गेले आणि अभ्यासाचे निकाल हाती आले. पंचेचाळीस लोक आले होते, एकतीस शेवटपर्यंत टिकले, आणि त्या एकतीसमध्ये चित्र स्वच्छ होतं. मेंदूचा एक कोपरा जितका आटोक्यात, तितका उपचाराचा गुण जास्त. रेषा इतकी सरळ होती की सरांनी तिला स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली, आणि सर कुणाला कॉफी देत नसत.

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, दमलेला होता, आणि त्याच्या हाताखाली नऊ जणांच्या नोकऱ्या पुढच्या अनुदानावर टांगलेल्या होत्या. "पंधरा दिवसांत मसुदा दे," ते म्हणाले. "हा निबंध मोठ्या ठिकाणी जाणार."

मसुद्यात ती पाचव्या पानावर अडकली. तिथं एक ओळ लिहायची होती: चौदा सहभागींना तांत्रिक कारणांमुळे वगळण्यात आले. ओळ लिहून झाली, आणि तिला लिफ्टवाल्याचे बूट आठवले. तिनं कपाटातून चौदाच्या चौदा फॉर्म काढले. एकाच्या दातांत धातूची तार होती. एकाच्या वेळी मशीनच बंद पडलं होतं. उरलेल्या बाराही जणांनी फुगा दाबला होता.

तिनं त्या बाराजणांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नावल्या बाजूला मांडल्या. किती वेळा दचकता, किती झोप लागते, काय काय टाळता. पंचेचाळीसमधले सगळ्यात जास्त त्रासातले अकरा जण या बारांमध्ये होते.

ती टेक्निशियनबाईंकडे गेली. त्या डबा उघडून बसल्या होत्या.

"बाई, हे तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"की सगळ्यात जास्त पोळलेलेच बाहेर पडतात."

बाईंनी घास संपवला. "अगं, पोहता येतं का हे बघायला तुम्ही विहिरीत ढकलता, आणि जे बुडतात त्यांना यादीतून काढता. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, काहीतरी हिशेब असेल त्यात."

सरांसमोर तिनं सगळं मांडलं तेव्हा त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढला.

"तुझं म्हणणं मला पटतं. पण मशीनमध्ये जो झोपतच नाही त्याचा मेंदू मी कुठून दाखवू?"

"दाखवू नका. पण तांत्रिक कारण म्हणू नका. घाबरून बाहेर पडले असं लिहू. आणि हा निकाल जरा बऱ्या असलेल्या लोकांपुरताच आहे, हेही."

"मर्यादांमध्ये एक ओळ घाल."

"एका ओळीत मावत नाही, सर."

"मग मावेल एवढंच लिही."

तिनं परिच्छेद लिहिला. सरांनी त्याची ओळ केली. तिनं पुन्हा तीन ओळी केल्या. मसुदा दोघांमध्ये नऊ वेळा गेला आणि आला, आणि दर वेळी तो परिच्छेद पाणी घातलेल्या ताकासारखा पातळ होत गेला. शेवटी जे उरलं ते असं होतं: काही सहभागींना स्कॅन पूर्ण करता आला नाही. कुणी, किती, का, काही नाही. सरांनी निबंध पाठवून दिला.

तेव्हा तिनं ठरवलं, निदान त्या लोकांना फोन तरी करायचा. पुढं काय झालं त्यांचं, एवढंच विचारायचं. त्यालाही माणसांवरचे अभ्यास तपासणाऱ्या नीतिसमितीची परवानगी लागत होती. अर्ज गेला आणि दोन आठवड्यांनी परत आला, कारण फॉर्म जुना होता. नवा फॉर्म तीन आठवड्यांनी परत आला, कारण तिसऱ्या पानावर सही राहिली होती. सही करणारे गृहस्थ परिषदेला गेले होते. ते आले तेव्हा समितीची महिन्याची बैठक होऊन गेली होती. दहाव्या आठवड्यात परवानगी मिळाली, त्यात एक अट होती: प्रत्येकाला एकदाच फोन करायचा.

बारापैकी तीन नंबर बंद होते. एकीनं आवाज ओळखताच फोन ठेवला. एकाच्या बायकोनं सांगितलं की ते आता वेगळे राहतात आणि कुठे ते तिलाही माहीत नाही. बाकीचे बोलले, तुटक, घाईघाईत, सभ्यपणे. त्या दुपारी ती रिकाम्या मीटिंगरूममध्ये बसून एकेका नावापुढे खूण करत होती, आणि दर फोनमागे तिचं डोकं जास्तच भणभणत होतं.

लिफ्टवाला मात्र मोकळेपणानं बोलला.

"मॅडम, तुम्ही फोन कराल असं वाटलं नव्हतं. नापास झालेल्या पोराला शाळा कुठे फोन करते?"

"नापास? तुम्ही नापास झालात असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही बोलावलंत, तपासलंत आणि घरी पाठवलंत. आत ज्यांना जमलं त्यांना औषध मिळालं, मला नाही. मी बायकोला म्हटलं, माझा मेंदू औषधाच्या पलीकडे गेलाय, मोठ्या ठिकाणी तपासून झालं आता. मग त्या आधीच्या डॉक्टरकडे जायचंही सोडलं. कशाला त्याचा वेळ खायचा?"

"तसं नाहीये," ती म्हणाली. "तुमच्या मेंदूबद्दल आम्हाला काहीच कळलं नव्हतं. आमचं मशीनच असं आहे की तुम्ही भोगलंत तेच ते पुन्हा भोगायला लावतं. कमी पडलं ते मशीन. आणि उपचाराला मशीन लागतच नाही."

मग तो म्हणाला, "हे कागदावर लिहून द्याल?"

"कागदावर?"

"माझ्या बोलण्यावर घरात विश्वास बसत नाही आता. माझा स्वतःचाच बसत नाही. कागद असला की बरं पडतं."

तिनं त्याच दिवशी पत्र लिहिलं. साधं, अर्ध्या पानाचं. तुम्ही नापास झाला नाहीत. आमची पद्धत तुम्हाला पेलवणारी नव्हती आणि हे आम्ही तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. उपचार स्कॅनशिवाय होतात, ते इथे मिळतात. खाली क्लिनिकचा पत्ता. सगळे पत्ते फॉर्मवर होतेच, म्हणून तिनं बाराही प्रती काढल्या आणि सहीसाठी सरांकडे नेल्या.

सरांनी वाचलं आणि पत्र टेबलावर उलटं ठेवलं.

"संस्थेच्या लेटरहेडवर आपण चुकलो असं लिहायचं?"

"आपण चुकलोच ना, सर."

"मला कळतंय. वकिलाला काय कळेल ते सांगतोय. आणि निबंध अजून तपासणीत आहे."

"मग मी माझ्या नावानं पाठवते."

"मी नको म्हणालो तर?"

"तुम्ही नको म्हणालात असं समितीला लिहून कळवा. दहा आठवडे लागतील."

सरांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते खिडकीकडे बघून घालवलं. "मला विचारलं नव्हतंस," ते म्हणाले. "हे पत्र मी पाहिलेलं नाही."

तिनं साध्या कोऱ्या कागदावर पत्रं छापली, खाली स्वतःची सही केली आणि पोस्टात टाकली. पाच परत आली. क्लिनिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की आली माणसं तर घेईन, पण यादीतूनच, मधे घुसवणार नाही. पुढच्या काही महिन्यांत चौघं आली. दोघांना बऱ्यापैकी फरक पडला. एक तिसऱ्या बैठकीनंतर यायची थांबली. लिफ्टवाल्याला अजून केबिनमध्ये पाय ठेवता येत नव्हता, पण त्यानं कंपनीत नवीन मुलांना शिकवायचं काम मागून घेतलं, जमिनीवर उभं राहून. चार माणसांचा हा निकाल कुठल्याच निबंधात बसणारा नव्हता.

मधल्या काळात नियतकालिकाकडून निबंधाचं उत्तर आलं. तपासणाऱ्यांपैकी दुसऱ्यानं पहिल्याच मुद्द्यात विचारलं होतं: पंचेचाळीस आले आणि एकतीसच उरले, मग चौदा लोक का गळले, आणि त्यांचा आजार किती तीव्र होता?

सर तिच्या टेबलापाशी आले. ते सहसा माणसाला बोलावून घेत, स्वतः येत नसत.

"तुझा तो परिच्छेद ठेवलायस ना कुठे?"

"कुठला?"

"उगाच छळू नकोस."

तिनं दिला. त्यांनी तो जसाच्या तसा घातला आणि सोबत बाराजणांचा तक्ताही जोडला. उत्तराच्या पत्रात लिहिलं, हा महत्त्वाचा मुद्दा आम्ही सुरुवातीपासूनच गांभीर्यानं घेतला होता. ते वाचून तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि खाली जाऊन इमारतीला दोन फेऱ्या मारल्या. तक्ता जोडल्यावर ती सरळ रेषा काही तेवढी मोठी बातमी राहिली नाही. मोठ्या नियतकालिकानं नकार दिला. आठ महिन्यांनी एका लहान नियतकालिकात निबंध छापून आला. तिच्या कराराला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, वर्षाची मिळायची होती. "चांगलं काम केलंस," सर म्हणाले, आणि ते खरंच मनापासून म्हणाले, हेच तिला जास्त लागलं. आईला तिनं फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हणजे अजून नोकरी लागली नाहीच."

दादाची तारीख या सगळ्याच्या अधेमधे येऊन गेली होती. वहिनीच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून वहिनीऐवजी तीच त्याला घेऊन गेली होती. तिसऱ्या मजल्यावर जिन्यानंच चढले. दादानं दाराजवळची खुर्ची पकडली. शर्टाची सगळी बटणं लावलेली, केस ओले करून बसवलेले, पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलासारखे. पाऊण तास झाला. तिनं खिडकीवर जाऊन विचारलं.

"डॉक्टर आज नाहीत," खिडकीतली बाई म्हणाली. "मेसेज गेला असेल."

"कुठलाही मेसेज आला नाही."

"मग जाईल."

आणि तिचा तोल गेला. तिसरी पोस्टडॉक, नऊ मसुदे, तीन पानांचा फॉर्म, सगळं त्या खिडकीवर निघालं. इथं माणूस साडेचार महिने थांबून आलाय, तो इथं बसायला काय करून आलाय याची तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या याद्या, तुमचे मेसेज. तिचा आवाज वर गेला होता. हॉलमधली माणसं मान खाली घालून ऐकत होती, आणि त्यातल्या एका बाईनं कानांवर हात घेतल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

दादाच्या लक्षात ते आलं. तो उठला, तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि तिच्या कोपराला धरलं.

"चिमे, हळू. इथं आवाजाला घाबरणारी माणसं बसलीत."

ती खिडकीपासून बाजूला सरकली.

दादा खिडकीत वाकला. "ताई, दुसरी तारीख कधीची देता?"

"पुढच्या मंगळवारी चालेल? एक जागा रिकामी झालीय."

"चालेल. लिहा नाव."

खिडकीतल्या बाईनं एक चिठ्ठी दिली. ती दादानं दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जिन्याकडे निघाला. दोन मजले खाली तो तिच्यासाठी थांबला.

"लहानपणी पण तू अशीच होतीस," मग तो म्हणाला. "चूक समोरच्याची आणि घसा बसायचा तुझा."

"मी परत येऊन त्या बाईची माफी मागेन."

"मंगळवारी माग. मी येणारच आहे."

मंगळवारी तो गेला. पहिल्या बैठकीत वीस मिनिटं बसला आणि निघून आला. दुसऱ्या वेळी पूर्ण बसला. सहाच्या ठिकाणी त्याला अकरा बैठका लागल्या. मधे एकदा त्यानं सगळं सोडून दिलं होतं, तेव्हा वहिनी त्याच्याशी चार दिवस बोलली नव्हती. बरा झाला असं कुणी म्हणत नाही, तो स्वतःही म्हणत नाही. जोडीदाराच्या आईला भेटायला मात्र तो एकटा जाऊन आला, तीन वर्षं टाळलेलं ते काम. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं घरी सांगितलं नाही, आणि विचारलंही नाही कुणी.

ती सध्या अनुदानासाठी एक नवा अर्ज लिहितेय. अभ्यास त्याच उपचारांचा, पण जे मशीनमध्ये टिकत नाहीत त्यांच्यावर, मशीनशिवाय. दोन ठिकाणांहून तो परत आलाय. दोन्हीकडचा शेरा एकच: विषय महत्त्वाचा आहे, पण मेंदूची चित्रं नसल्यामुळे पुरावा कमकुवत वाटतो. तिनं दुसऱ्या नकाराचं पत्र टेक्निशियनबाईंना वाचून दाखवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "तिसरीकडे कधी पाठवतेस?"

"पानं नीट लावून झाली की," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत."